लग्नापुरत्या नेल टिप्स: कशा लावायच्या, कशा काढायच्या?

कोपरीकर_मुलगी
ताईंनो, मदत हवीय. शुक्रवारी दादाची हळद, शनिवारी लग्न. राम मारुती रोडवरून टिप्स (नखांवर चिकटवायची खोटी नखं) आणि गोंद आणलाय. तीन महिन्यांपूर्वी साखरपुड्याला लावलेली एक टिप हलायला लागली म्हणून ओढली, तर नखाचा पापुद्राच सोबत आला. लिंबू पिळायला घेतलं की झोंबायचं. यावेळी तसं व्हायला नको.

वाशी_सेक्टर_१७
हळद उरकल्यावर शुक्रवारी रात्रीच लाव. फिकट टिपांवर हळद बसते, आणि डाग घालवायला नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन घेतलंस तर टिपच विरघळायला लागेल, त्या बहुतेक एबीएस प्लास्टिकच्या असतात. हात साबणाने धुऊन कोरडे कर, क्रीम अजिबात नको. मोठी टिप कडेने घासून मापात आण, कातडीवर चढलेली आधी सुटते. गोंद सांडला तर कापसाने पुसू नकोस. कापसाला लागला की तो एकदम तापतो, माझं बोट भाजलंय.

तलावपाळीजवळची
आधी एक सांग, ते नख भरलं का? हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिमी वाढतं, पूर्ण नवं यायला सहाएक महिने लागतात.

कोपरीकर_मुलगी
नाही ना. टोकाकडचा भाग अजून कागदासारखा वाकतो.

तलावपाळीजवळची
मग गोंद राहू दे. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पारदर्शक पट्ट्या मिळतात, त्या लाव. एका दिवसाला पुरतात आणि नखाला जाच कमी.
काढताना घाई नको गं. कोमट साबणाच्या पाण्यात १५-२० मिनिटं बोटं बुडव, कडेला खोबरेल सोड, लाकडी काडीने अलगद बाजूने उचल. नाही हलली तर परत बुडव. टिप मध्येच सैल झाली तर वरून गोंद घालून दाबायची नाही, काढूनच टाकायची. आत ओल राहिली की जीवाणू वाढतात, नख हिरवट पडतं. माझ्या बहिणीचं पडलं होतं, डॉक्टरांकडे जावं लागलं.
आणि पर्सची चेन, कोल्ड्रिंकचा कॅन, साडीची पिन, यातलं काही नखाने उघडायचं नाही. बोटाच्या पेराने किंवा दुसऱ्याकडून.

कोपरीकर_मुलगी
लग्न झालं! पट्ट्याच लावल्या. अक्षता टाकताना करंगळीची एक पडली, बाकी नऊ रात्रीपर्यंत टिकल्या. काल आईने परातीत कोमट पाणी दिलं, दुसऱ्यांदा बुडवल्यावर सगळ्या आपसूक सुटल्या. पापुद्रा नाही, झोंबणं नाही. खूप खूप आभार!