सल्ला हवा: सातशे तिकिटांच्या बॅकलॉगचा क्रम कसा लावायचा? गाळप हंगाम तोंडावर आहे

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. ऊस नोंद, तोडणी कार्यक्रम, वजनकाटा, पंधरवडा बिलं, तोडणी-वाहतुकीचे हिशोब, सगळं. नऊ जणांची टीम, दोन आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे कामाची एक फेरी. जिरात (कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) सातशेच्या आसपास तिकिटं, म्हणजे करायच्या कामांच्या नोंदी, पडून आहेत आणि निम्म्याहून जास्त तिकिटांवर 'हाय' नाहीतर 'क्रिटिकल' लिहिलेलं आहे. शेती अधिकाऱ्यांना त्यांचं आधी हवं, चीफ अकाउंटंटना त्यांचं, आणि कार्यकारी संचालकांचा फोन आला की दोन्ही मागे. दर सोमवारी सगळे बसून यादी वरून खाली वाचतो, पण शंभरच्या पुढे कधी पोचत नाही. मॉस्को, राइस, डब्ल्यूएसजेएफ या क्रम लावायच्या पद्धती वाचून झाल्यात. प्रत्यक्षात तुम्ही काय वापरता आणि सुरुवात कुठून करू?

अजिंक्यतारा
साताऱ्यातून लिहितोय, काम तुमच्यासारखंच आहे. सुरुवात क्रम लावण्यापासून करूच नका, आधी यादी छाटा.

साधा हिशोब बघा. एका स्प्रिंटला पंधरा तिकिटं पूर्ण होतात असं धरू. सातशे भागिले पंधरा, म्हणजे जवळजवळ सत्तेचाळीस स्प्रिंट. पावणेदोन वर्षांच्या पुढे गेलं, तेही आजपासून एकही नवीन मागणी आली नाही तर. म्हणजे तळातल्या चारशे तिकिटांना काहीही नंबर दिलात तरी ती होणार नाहीत. त्यांचा क्रम ठरवण्यात गेलेला सोमवार पूर्ण वाया.

वर्षभर ज्याच्यावर कुणी कमेंट केली नाही, कुणी विचारलं नाही, ते तिकीट बंद करा. डिलीट नको, बंद. मागणाऱ्याला दोन ओळी कळवा की हे आम्ही करत नाही आहोत, गरज अजून असेल तर पुन्हा सांगा. ज्याला खरंच अडतंय तो आठवड्यात फोन करतो. फक्त दोन प्रकार बंद करण्याआधी डोळ्यांखालून घाला: सरकारी नियमाशी जोडलेली तिकिटं आणि चुकीचा आकडा दाखवणारे बग.

एकच मागणी तीन कारखान्यांनी तीन शब्दांत टाकलेली असते, ती एकत्र करा. तिघांना हवंय ही माहिती तीन वेगवेगळ्या तिकिटांत हरवून जाते.

कृष्णाकाठ
वरच्याशी सहमत. पण उरलेल्या दोन-अडीचशेंसाठी तुमच्या धंद्यात एक गोष्ट आयती मिळते, ती म्हणजे हंगामाचं कॅलेंडर. आडसालीची (दीड वर्षाच्या उसाची) लागण जुलै-ऑगस्टला, म्हणून ऊस नोंदीची तिकिटं त्याच्या आत व्हायला हवीत. काटा, स्लिप आणि तोडणी कार्यक्रम मोळी पडायच्या, म्हणजे गाळप सुरू व्हायच्या आत. मंत्री समितीने हंगामाची तारीख ठरवली की तुमची तारीख ठरली, ती पुढे ढकलता येत नाही.

बिलाचं तर कायद्यानेच बांधलेलं आहे. ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे ऊस आल्यापासून 14 दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची, उशीर झाला तर वार्षिक 15 टक्के व्याज. बिलातली एखादी कपात चुकीची निघाली आणि त्यापायी पंधरवडा अडकला, तर उशिराची किंमत कुणाच्या मतावर राहत नाही, रुपयांत काढता येते. म्हणून प्रत्येक तिकिटाला आधी एकच प्रश्न विचारा: हे एक महिना उशिरा झालं तर नेमकं काय बिघडेल? उत्तर 'जरा गैरसोय होईल' असेल तर ते ऑफ सीझनच्या कप्प्यात टाका.

नेमका क्रम फक्त पुढच्या दोन स्प्रिंटचा ठेवा, एकाखाली एक, बरोबरीला कुणी नाही. त्यापुढचं 'या हंगामात' आणि 'हंगाम संपल्यावर' एवढ्या दोन ढिगांत. याहून बारीक लावून उपयोग नाही, दोन आठवड्यांनी सगळं बदलतं.

विश्रामबागकर
कॅलेंडरचं डोक्यात होतं, पण तिकिटांवर तसं कधी लिहिलं नव्हतं. डब्ल्यूएसजेएफ करून बघितलं, पण त्यात बारकी कामंच वर येतात. कुणी नीट समजावेल?

कृष्णाकाठ
येतातच, कारण भागाकार आहे. उशिराची किंमत भागिले कामाचा आकार. उशिराच्या किमतीत तीन गोष्टींची बेरीज: वापरणाऱ्याला आणि धंद्याला मोल किती, वेळेची निकड किती, आणि त्यामुळे पुढचा धोका किती टळतो किंवा वाट किती मोकळी होते. सगळे आकडे एकमेकांच्या तुलनेत द्यायचे, रुपयांत नाही.

तुमच्यातलंच उदाहरण घेऊ. सोसायटीच्या कर्जवसुलीची कपात बिलात आपोआप यावी: मोल 8, निकड 13, धोका 3, बेरीज 24. आकार 8. उत्तर 3. दुसरं, शेतकऱ्याच्या मोबाइलवर वजनाचा मराठी मेसेज: 8 अधिक 1 अधिक 1, बेरीज 10. आकार 3. उत्तर 3.3. मेसेज वर गेला! आता टीम म्हणणार, पद्धत चुकीची.

पद्धत चुकीची नाही, पहिलं तिकीट फार मोठं आहे. त्यात बघा काय काय आहे: वसुलीची यादी आत घेणं, कपात लावणं, सोसायटीनिहाय अहवाल, जुन्या वर्षांचा ताळा, शाखेला जाणारी फाइल. पहिल्या पंधरवड्याला यातल्या पहिल्या दोनच गोष्टी लागतात. तेवढं वेगळं काढलं तर आकार 3 आणि मोल जवळजवळ सगळं त्याच तुकड्यात, म्हणजे 24 भागिले 3, उत्तर 8. मेसेज आपोआप खाली. अहवाल आणि ताळा नंतर आपल्या जागी येतील. मला विचाराल तर या गणिताचा खरा उपयोग हाच. मोठं मोलाचं काम जिथे खाली पडलेलं दिसेल, तिथे ते फोडून बघायचं.

मिरजेची_टेस्टर
बगबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. बगला प्रायॉरिटी आणि गांभीर्य असे दोन वेगळे रकाने ठेवा. आमच्याकडे एक तिकीट कित्येक महिने 'लो' होतं. ट्रॅक्टरमागची ट्रॉली बदलली तरी सिस्टीम गाडी नंबरावरून आधीच्या खेपेचं रिकामं वजन उचलायची. रोज घडत नव्हतं, म्हणून 'लो'. पण जेव्हा घडायचं तेव्हा एका शेतकऱ्याच्या उसाचं वजन कमी लागायचं, आणि ते त्याला कधी कळणारही नाही. स्लिपवर भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन असे तीन आकडे छापलेले असतात, त्यातला मधला चुकीचा. असा बग किती वेळा येतो हे मोजून क्रम लावू नये. चुकीचं वजन आणि चुकीची रक्कम यांना रांगेत उभंच करू नका. सापडलं की त्याच स्प्रिंटमध्ये.

याच कारणाने तुमच्यासाठी राइस मला पटत नाही. त्यात पहिला आकडा किती लोकांपर्यंत पोचतं याचा, म्हणजे रीचचा. काट्याचा स्क्रीन चार-पाच क्लार्क वापरतात, तिथे आकडा छोटा येणार. पण त्या स्क्रीनवरून जाणारा ऊस हजारो सभासदांचा. रीच मोजायचीच असेल तर स्क्रीन वापरणारे नको, ज्यांचे पैसे त्यावर ठरतात ते मोजा.

अजिंक्यतारा
ताईंचं शंभर टक्के बरोबर. अजून एक भर. टेक्निकल डेटची, म्हणजे जुना कोड निस्तरायची कामं 'टेक्निकल' म्हणून टाकली की कायम तळाला राहतात. तीसुद्धा कॅलेंडरवर आणा. एफआरपीचा दर दरवर्षी बदलतो, 10.25 टक्के साखर उताऱ्याला 2024-25 साठी क्विंटलला 340 रुपये होता, 2025-26 साठी 355. तो कोडमध्ये चार ठिकाणी लिहिलेला असेल तर एका सेटिंगमध्ये आणायचं काम हंगामाआधीचंच आहे. असं लिहिलं की अकाउंट्सवाले स्वतः त्याची बाजू घेतात.

विश्रामबागकर
खूप मदत झाली, तिघांचेही आभार. आता अवघड भाग. एमडी साहेबांचा फोन आला की काय करायचं? नाही म्हणता येत नाही, मोठे ग्राहक आहेत.

कराडचा_पाहुणा
मी ग्राहकाच्या बाजूला, एका कारखान्याच्या आयटी विभागात आहे. आमच्या साहेबांना नकार चालत नाही हे खरं, पण अदलाबदल चालते. फोनवर 'बघतो' म्हणू नका. पुढच्या दोन स्प्रिंटची यादी त्यांच्यासमोर उघडी ठेवा आणि सरळ विचारा, साहेब, हे घेतो, यातलं कोणतं खाली सरकवू? निम्म्या वेळा ते स्वतःच म्हणतात, राहू दे, आधी बिलाचं होऊ दे.

त्यासाठी शेवटचा शब्द एकाच माणसाचा हवा. स्क्रम या स्प्रिंटवाल्या पद्धतीच्या गाइडमध्येही प्रॉडक्ट ओनर (क्रम ठरवणारा) म्हणजे एक व्यक्ती, कमिटी नव्हे, असंच आहे. तुमच्याकडे सोमवारी नऊ जण मिळून क्रम लावतात, तिथेच घोळ होतोय. एकाने क्रम लावावा, बाकीच्यांनी आकार सांगावा आणि अडचणी दाखवाव्यात. आणि हंगामात स्प्रिंटचा पाचवा हिस्सा मोकळा ठेवा. काटा बंद पडला तर रात्री दोनलाही फोन येणार, ते काम आधीच धरलेलं बरं.

कृष्णाकाठ
मॉस्कोबद्दल विचारलं होतंत. कामं 'मस्ट', 'शुड', 'कुड', 'वोन्ट' अशा चार गटांत टाकायची. ती बैठकीत ग्राहकासमोर वापरा, बोलायला सोपी आहे. 'मस्ट'ची कामं एकूण मेहनतीच्या 60 टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाहीत, असा डीएसडीएम या प्रकल्प-पद्धतीवाल्यांचा सल्ला आहे, तो पाळा. नाहीतर सगळंच 'मस्ट' होतं.

'मस्ट' ओळखायची खात्रीची रीत सांगतो. मागच्या हंगामाचा एक पूर्ण पंधरवडा नव्या सॉफ्टवेअरवर चालवून बघा. पहिल्या स्लिपपासून बँकेच्या यादीपर्यंत, कारखान्याच्या क्लार्कला शेजारी बसवून. तो जिथे अडेल आणि वही उघडेल, ती तिकिटं 'मस्ट'. बाकीच्यांवर वाद घालायला मार्चनंतर वेळच वेळ आहे.

विश्रामबागकर
हे या आठवड्यातच करतो. मागच्या जानेवारीचा पहिला पंधरवडा घेतो, तेव्हा गाळप पूर्ण भरात होतं. क्लार्कसाठी कारखान्याशी आजच बोलतो.

मिरजेची_टेस्टर
जानेवारीचा घ्या, पण त्यात ट्रॉली बदललेल्या खेपा आहेत का ते आधी तपासा. नसतील तर मुद्दाम दोन-तीन घाला.