सीएनजीत हायड्रोजन मिसळून लीन चालवलं, तर घाटात गाडी ओढेल का?

कुपवाडचा मेकॅनिक: दिल्लीत राजघाट डेपोच्या बसवर 2020 साली 18 टक्के हायड्रोजन मिसळलेल्या सीएनजीची चाचणी सुरू झाली. तेच इंधन आपल्या सांगली-साताऱ्यात यावं, असं माझं ठाम मत आहे. नुसत्या सीएनजीवर मिश्रण पातळ, म्हणजेच लीन केलं, हवा जास्त गॅस कमी, की ज्योत रेंगाळते. इंजिन मिसफायर मारतं आणि न जळलेला मिथेन सायलेन्सरमधून बाहेर पडतो. हायड्रोजनला बारीकशी ठिणगीही पुरते, त्याची ज्योतही मिथेनच्या कितीतरी पट वेगानं धावते. त्यामुळं पातळ मिश्रणसुद्धा पूर्ण जळतं, ज्वलन थंड राहतं, ॲव्हरेज सुधारतं.

घाटवाला, सातारा: दादा, माझा सीएनजी टेम्पो आहे. पुण्याहून माल भरून येताना खंबाटकीत आत्ताच दुसरा गिअर लागतो. त्यात गॅस आणखी कमी करायचा, तर गाडी ओढणार कशाच्या जोरावर? शिवाय हायड्रोजन हलका. त्याच सिलिंडरवर किलोमीटर घटणार. भाडं मात्र तेवढंच.

विश्रामबागची प्राध्यापिका: घाटवाल्या दादांचं बरोबर आहे. घनमीटरमागे हायड्रोजनमध्ये मिथेनच्या 30 टक्केच ऊर्जा असते. म्हणून 18 टक्के हायड्रोजन म्हणजे ऊर्जेच्या हिशोबात जेमतेम 6 टक्के. तेवढाच कार्बन वाचतो. आणि मेकॅनिकदादा, अर्धवट लीन तर सगळ्यात वाईट. हवा थोडीशीच जास्त असते तेव्हा नायट्रोजन ऑक्साइड सर्वाधिक निघतात, आणि जास्तीच्या ऑक्सिजनमुळं सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर ते मोडू शकत नाही. ठिणगीचं टायमिंग मागं न घेता, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा न पाडता, नुसता हायड्रोजन सोडला तर तापमान वाढून ते आणखी वाढतील.

कुपवाडचा मेकॅनिक: टायमिंगचं मान्य, मॅडम. ते न बदलता कोणी गाडीला हात लावूच नये. पण घाट बाजूला ठेवा, जनरेटर घ्या. साखर कारखान्याच्या स्पेंटवॉशपासून, म्हणजे डिस्टिलरीच्या सांडपाण्यापासून, बायोगॅस होतो. त्यात कार्बन डायऑक्साइड असतो, तो ज्योत आणखी मंद करतो. असं एक इंजिन मी उघडलं होतं. सहापैकी दोन स्पार्क प्लग काळे पडलेले, म्हणजे तिथं गॅस नीट जळत नव्हता, बाकीचे स्वच्छ. तिथं चढ नाही की उतार नाही, लोड एकसारखा. कमी पडणारी पॉवर टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, भरून काढतो. लीन मिश्रणाला हायड्रोजनची जोड द्यायची तर इथंच द्यावी.

विश्रामबागची प्राध्यापिका: जनरेटरपुरतं मी तुमच्या बाजूनं. फक्त हायड्रोजन कुठून आणणार ते सांगा. दिल्लीत तो सीएनजीतूनच काढत होते. त्यात मिथेनमधला कार्बन सायलेन्सरऐवजी प्लँटमधून बाहेर पडतो.

घाटवाला, सातारा: आणि तो खर्च गॅसच्या दरातच येणार ना?