मदत हवी आहे: फेकजाळ्याला शिशाऐवजी काय लावावं? (नाथसागर, पैठण)

नमस्कार मंडळी,

मी पैठण तालुक्यातला, नाथसागराच्या फुगवट्यालगत आमचं गाव. घरात आजोबांपासून मासेमारी चालत आलेली. मी वाळूजला कंपनीत असतो, पण सुट्टीच्या दिवशी काकांबरोबर पाण्यावर असतोच. काकांच्या फेकजाळ्याच्या घेराला साधारण चार किलो शिसं आहे, वीस-वीस ग्रॅमच्या नळ्या. ते उतरवून दुसरं काही लावायचं ठरवलंय. काय लावावं, हे ज्यांनी स्वतः जाळं विणलंय किंवा फेकलंय त्यांनी सांगावं.

का ठरवलं ते सांगतो. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की उघड्या पडलेल्या जमिनीत आमच्याकडे गाळपेर करतात. यंदा खुरपताना मला अकरा नळ्या सापडल्या. वरून पांढुरकी भुकटी धरलेली, नख लावलं की आतून चकाकणारं शिसं. पण नळ्यांपेक्षा मला खटकलं ते दुसरंच. काका काठावर बसूनच शिशाची पट्टी छिन्नीनं तोडतात, त्याचे ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे तिथंच चिखलात पडतात. आणि हिवाळ्यात त्याच चिखलात तलवार बदकं, थापटे, चक्रांग चरायला उतरतात.

पक्ष्यांना दात नसतात. गिळलेलं दळायला ती बारीक खडे उचलतात आणि ते पेषणीत, म्हणजे पोटातल्या दळणाऱ्या पिशवीत, साठतात. खडा समजून शिसं उचललं तर ते तिथं झिजत राहतं आणि रक्तात उतरतं. मग हिरवी विष्ठा, ढिले पंख, अंग झडत जाणं. गेल्या डिसेंबरात पंख टाकून बसलेलं एक तलवार बदक आम्हाला दिसलं होतं, दोन दिवसांत मेलं. ते शिशानंच मेलं असं मी म्हणत नाही, त्याला कुणी उघडून पाहिलं नाही. पण तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. १९८६ पासून हे पाणी पक्षी अभयारण्य आहे. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब आमच्या बांधावरून दिसतात.

वाचताना कळलं की परदेशात हा प्रश्न आधी शिकाऱ्यांमुळे पुढे आला. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे, तिकडे पाणपक्ष्यांची शिकार परवान्यानं चालते आणि एकेका बारात शेकडो छर्रे पाण्यात पडतात. अमेरिकेनं १९९१ पासून पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे बंद केले, डेन्मार्कनं १९९६ मध्ये सगळ्याच शिकारीतून काढले, युरोपीय संघात फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळीत आणि तिच्याभोवती १०० मीटरपर्यंत बंदी आहे. तिथल्या शिकाऱ्यांची तक्रार होती की शिशाऐवजी वापरायचं पोलाद हलकं, मार कमी पडतो. मग त्यांनी दोन नंबर मोठा छर्रा घेतला, जुन्या बंदुकांसाठी बिस्मथ हा पोलादापेक्षा मऊ धातू वापरला, आणि काम चाललं. मासेमारीचंही उदाहरण आहे. ब्रिटननं १९८७ पासून गळाच्या शिशाच्या बहुतेक लहान वजनांची विक्री बंद केली, कारण हंस मरत होते.

काकांचं म्हणणं एकच: "शिसं काढलंस तर जाळं तळाला बसायच्या आत मासा निघून जाईल." त्यांना नुसतं 'पर्यावरण' म्हणून गप्प करणं मला पटत नाही, त्यांचं पोट त्यावर आहे. म्हणून हिशेब मांडला. चार किलो शिसं पाण्यात साधारण ३.६५ किलो भरतं. तेवढाच भार हवा तर लोखंड ४.२ किलो लागेल. म्हणजे वजनात फरक फार नाही! फरक आकारात आहे, लोखंड दीडपट जागा घेतं. भाजलेल्या मातीचे मणी लावायचे तर मात्र सात किलोच्या पुढं जावं लागेल. ते फेकजाळ्याला नाही जमणार, खांदा जाईल. रात्रभर उभ्या राहणाऱ्या जाळ्याला जमतील असं वाटतं, पैठणच्या कुंभाराकडून करून घेता येतील.

आता अडचणी. साधं लोखंड गंजतं आणि गंजाची धार नायलॉन कापते. एका हंगामात जाळं फाटलं तर काका पुन्हा शिशावर जातील. साखळी सलग लावली तर घेर नीट उघडतो का, की वेटोळ्यात अडकतो? वाळूजच्या भंगारात बेअरिंगचे छर्रे किलोवर मिळतात, पण त्यांना भोक नाही. छोट्या पिशव्यांत शिवून कुणी लावलेत का? स्टेनलेसचे नट दोरीत ओवले तर कडांनी दोरी झिजते का?

आणखी एक, आणि माझ्यासाठी हेच सगळ्यात तातडीचं. काका जुन्या बॅटरीच्या प्लेटा आणून चुलीवर लोखंडी पळीत वितळवतात. शिसं ३२७ अंशाला वितळतं, चूल तेवढी सहज तापते. वहिनीचं दीड वर्षाचं लेकरू त्याच अंगणात रांगतं आणि हात तोंडात घालतं. वितळवणं मी आजपासून बंद करायला लावलंय, तोडायचं काम ताडपत्रीवर. अंगणातली वरची माती काढून टाकावी का, लेकराच्या रक्तातलं शिसं तपासायला संभाजीनगरात कुठं जावं, हे डॉक्टर मंडळींपैकी कुणी सांगितलं तर फार उपकार होतील.

भर (रात्री): खाली एका दादांनी जस्ताचा मुलामा दिलेली साखळी सुचवली. धन्यवाद दादा, गंजाचा प्रश्न त्यानं सुटेल. पण जस्तही पोटात गेलं तर पक्ष्यांना बाधतं, म्हणून ते टाळतोय. ताईंनी सांगितलेली युक्ती, नटाच्या कडा कानशीनं गोल करून ओवायच्या, ती रविवारी जुन्या लहान जाळ्यावर करून बघतो. काकाही "बघू तर" म्हणालेत. किती मापाचे नट घेऊ, आठचे की दहाचे?