सद्गती, दुर्दैवी आणि ईश्वरचरणी : श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरचे शब्द

कोरलवाला

नमस्कार मंडळी. माझं रत्नागिरीत फ्लेक्सचं दुकान आहे, म्हणजे भाषेशी माझा संबंध एवढाच की अर्ध्या शहराच्या शुद्धलेखनाच्या चुका माझ्या कॉम्प्युटरमधून पास होऊन चौकात लागतात. तर शंका अशी आहे.

२०२५ च्या १२ जूनला अहमदाबादला विमान पडलं, विमानातल्या २४२ पैकी २४१ माणसं गेली, आणि संध्याकाळी दुकान बंद करायच्या आत माझ्या व्हॉट्सॲपवर तीन पार्ट्यांचं मॅटर. पक्ष तीन, मॅटर एकच. 'दुर्दैवी विमान अपघातातील मृतात्म्यांना ईश्वर सद्गती देवो व कुटुंबीयांना हे दुःख सहन करण्याची शक्ती देवो हीच ईश्वरचरणी प्रार्थना. भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली हात जोडलेला फोटो, वरती गोलात मोठे नेते. मी एकाला फोन करून विचारलं की साहेब, विमानात सगळ्या धर्माचे लोक होते, ५३ तर ब्रिटिश नागरिक होते, सद्गती सगळ्यांना चालेल का, आदरांजली टाकू का त्यापेक्षा? तर म्हणाले आदरांजली जयंतीला असते रे, आणि सद्गतीचं काय एवढं, ती पद्धत आहे.

पद्धत आहे हे कळलं, अर्थ काय ते कळलं नाही. सद्गती म्हणजे नक्की कुठची गती? आणि तिन्ही मॅटरमध्ये पहिलाच शब्द दुर्दैवी का?

(जाता जाता, त्यातल्या एका डिझाईनमध्ये वाढदिवसाचं जुनं टेम्प्लेट वापरल्यामुळे खाली 'शुभेच्छुक' तसंच राहिलं होतं. प्रूफला माझ्या बायकोच्या लक्षात आलं म्हणून वाचलो.)

सुरंगी

शाळेत ३२ वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे गप्प बसवत नाही. सद्गती म्हणजे चांगली गती, मेल्यानंतर जिवाची पुढची वाट चांगली असो असा अर्थ. यात पुनर्जन्म, परलोक, कर्म सगळं गृहीत धरलेलं आहे. म्हणजे तुझी शंका बरोबर आहे, हा शब्द एका समजुतीच्या घरातून आलेला आहे. पूर्वी आपल्याकडे याची व्यवस्था होती बरं का, कैलासवासी, वैकुंठवासी, पैगंबरवासी, ख्रिस्तवासी, ज्याचा त्याचा पत्ता वेगळा. आणि ज्याचा पत्ता माहीत नाही तो दिवंगत नाहीतर कालवश. कालवश मला फार आवडतो, त्यात कोणी कुठे गेलं असा दावाच नाही.

श्रद्धांजली मात्र एवढा अडचणीचा नाही. श्रद्धा हा शब्द श्रत् आणि धा मिळून झालाय, विश्वास ठेवणे. लॅटिनमधला क्रेडो त्याच मुळातला, आणि क्रेडोपासून पुढे क्रेडिट. म्हणजे बँकेचं क्रेडिट आणि आपली श्रद्धा चुलत बहिणी. श्राद्ध पण त्यातलंच. अंजली म्हणजे ओंजळ. भावपूर्ण हे विशेषण मात्र मला कधीच कळलं नाही, भाव नसलेली श्रद्धांजली कोण देतं?

कोरलवाला

देतात हो बाई, मी रोज छापतो.

बाणकोटी

माझं मत वेगळं आहे. मी कोकणी मुसलमान, आमच्यात माणूस गेला की मगफिरतीची दुआ करतात, म्हणजे अल्लाने त्याला माफ करावं. शेजारचे भंडारी आमच्या वडिलांच्या वेळी आले आणि म्हणाले देव त्यांना सद्गती देवो. मला काय राग आला नाही, त्यांच्याकडे तोच शब्द होता आणि त्यांनी तो मनापासून दिला. शेजाऱ्याच्या तोंडी सद्गती आणि सरकारच्या तोंडी सद्गती यात फरक करायला पाहिजे, शेजारी त्याच्या घरातून बोलतो, सरकार सगळ्यांच्या घरातून बोलतं.

न्यूझीलंडला २०१९ च्या मार्चमध्ये ख्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ लोक मारले गेले तेव्हा तिथल्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी संसदेत बोलताना सुरुवात 'अस्सलामु अलैकुम' अशी केली होती. म्हणजे गेलेल्यांचा शब्द घेतला, स्वतःचा दिला नाही. आणि त्याच महिन्यात बंदुकांचा कायदा बदलायची घोषणा पण केली, ते जास्त महत्त्वाचं.

चाकरमानी (सध्या न्यूजर्सी)

इथे यावर भांडणं होतात. शाळेत गोळीबार झाला की सगळे सिनेटर वगैरे लिहितात 'थॉट्स अँड प्रेयर्स'. इतकं झालं की आता तो शब्द टोमणा झालाय, ऑफिसात प्रिंटर बंद पडला तरी पोरं थॉट्स अँड प्रेयर्स म्हणतात. २०१५ ला ओरेगनमध्ये कॉलेजात गोळीबार झाला तेव्हा ओबामा स्वतः म्हणाले होते की नुसत्या थॉट्स अँड प्रेयर्सनी भागत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सॅन बर्नार्डिनोच्या गोळीबारानंतर न्यूयॉर्कच्या एका पेपरने पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापलं की देव हे दुरुस्त करत नाहीये.

पण सगळंच पोकळ असतं असं पण नाही हां. २००३ ला कोलंबिया यान कोसळलं, आपली कल्पना चावला होती त्यात, तेव्हा बुशनी बायबलमधल्या यशयाचा आधार घेऊन म्हटलं होतं की जो ताऱ्यांना नावानिशी ओळखतो त्याला या सात जणांची नावं पण माहीत आहेत. मी नास्तिक माणूस, तरी तेव्हा डोळ्यात पाणी आलं होतं.

आणि अजून एक, मराठी बातम्यांत हल्ली 'आमच्या संवेदना पीडित कुटुंबासोबत आहेत' असं येतं ते कुठून आलं?

सुरंगी

हिंदीतून. मराठीत संवेदना म्हणजे सेन्सेशन. पायाला संवेदना राहिली नाही असं डॉक्टर म्हणतात. आपला शब्द सहवेदना, आणि बोलीत तर समाचाराला जाणं. आमच्याकडे गुहागरला कोणी गेलं की समाचाराला जायचं, ओटीवर बसायचं, काही बोलायचं नाही, चहा घ्यायचा नाही, उठताना 'येते' म्हणायचं नाही. त्या गप्प बसण्यात जेवढं असतं तेवढं कुठल्याच मॅटरमध्ये नाही. दुखवटा हा शब्द पण बघ, आता 'राष्ट्रीय दुखवटा' म्हणजे झेंडा अर्ध्यावर, पण पेशवाईत सरदार गेला की त्याच्या घरी दुखवट्याची वस्त्रं जायची. काहीतरी हातात पडायचं.

दर्यावर्दी

३० वर्ष शिपवर काढली, चीफ इंजिनियर म्हणून रिटायर, आता जयगडला नारळ मोजतो. देवाचं नाव आमच्या धंद्यात पण असतं, बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावतीच्या, मागे बारीक अक्षरात. ॲक्ट ऑफ गॉड, म्हणजे देवाची करणी. वादळात माल गेला तर कंपनी जबाबदार नाही. समुद्रातून माल नेण्याचे जे १९२४ चे आंतरराष्ट्रीय नियम, हेग रूल्स, त्यात पण आहे ते. पण त्याच रूल्समध्ये आधी एक अट आहे, जहाज समुद्रात जायच्या लायकीचं ठेवायला जी काळजी घ्यायची ती तुम्ही घेतली होती का? पत्रा सडलेला होता, पंप बंद होता, तर मग वादळ कितीही मोठं असूदे, देव साक्षीला येत नाही. देवाचं नाव घ्यायच्या आधी मेंटेनन्सची वही दाखवायची. माझ्या मते मंत्र्यांना पण हाच रूल लावा, प्रश्नच मिटला.

२०१६ ला कोलकात्यात उड्डाणपूल पडला तेव्हा बांधणाऱ्या कंपनीचा माणूस ॲक्ट ऑफ गॉड म्हणाला, त्यावर प्रचारसभेत मोदी म्हणाले की हे ॲक्ट ऑफ फ्रॉड आहे. चार वर्षांनी ऑगस्ट २०२० ला जीएसटी कौन्सिलनंतर निर्मला सीतारामन कोविडला ॲक्ट ऑफ गॉड म्हणाल्या. मग २०२२ ला मोरबीचा झुलता पूल पडला, १३५ माणसं गेली, तिथे देखभालवाल्या कंपनीचा मॅनेजर कोर्टात म्हणाला देवाची इच्छा. आता कोविड खरंच कोणी पाठवला ते मला माहीत नाही, पण पुलाचे नटबोल्ट देव बसवत नाही एवढं मी इंजिनियर म्हणून लिहून देतो.

कोरलवाला

म्हणजे आमच्या तिवऱ्याचं धरण कुठल्या खात्यात? २ जुलै २०१९ ला रात्री फुटलं, चिपळूण तालुका. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी देवाचं नाव नाही घेतलं, खेकड्यांचं घेतलं. खेकड्यांनी धरण पोखरलं म्हणाले. गावात लोक म्हणत होते यापेक्षा देव बरा होता, निदान त्याला कालवणात घालून खात नाही आपण.

दर्यावर्दी

😀 गळती होतेय म्हणून लोकांनी आधीपासून अर्ज दिले होते ना? मग वही कोरी. सुलतानी खात्यात.

सुरंगी

बरोब्बर शब्द काढलात! मराठीत हे कधीचं वेगळं करून ठेवलंय, अस्मानी आणि सुलतानी. अस्मानी म्हणजे आकाशातून आलेलं, पाऊस, दुष्काळ, वीज. सुलतानी म्हणजे राजाकडून आलेलं. दोन्ही शब्द फारसीच्या वाटेने आले आणि आपल्याकडे जोडीने नांदले. शेतकऱ्याला नेहमी दोन्हीची धास्ती. आता 'दुर्दैवी' बघ. दैव म्हणजे देवाकडून आलेलं. पूल पडला, दुर्दैवी घटना. बोट बुडाली, दुर्दैवी घटना. चौकशी व्हायच्या आधी पहिल्याच शब्दात प्रकरण अस्मानीच्या रजिस्टरला चढवून मोकळे. तू विचारलंस ना पहिला शब्द दुर्दैवी का, तर म्हणून.

बळी पण बघा, 'अपघातात सात बळी'. बळी देवाला देतात. इथे कोणी दिला, कोणाला दिला? आणि जलसमाधी! समाधी योगी स्वतःहून घेतो. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, अमावस्येला घरी निघालेली साधी माणसं, त्यांना समाधी घ्यायची नव्हती. २ ऑगस्ट २०१६ ला महाडला सावित्रीचा ब्रिटिशकालीन पूल गेला, दोन एसट्या गेल्या, त्याला पण जलसमाधी म्हणणारे होते. बुडाले म्हणायला जीभ का अडखळते?

मात्र देवाचं नाव काढलं की तो पळवाटच शोधतोय असं मी म्हणणार नाही. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर गांधीजी म्हणाले होते की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथांना ते अजिबात पटलं नाही, निसर्गातल्या घटनेला नीतीचं कारण चिकटवणं म्हणजे अविवेक, असं त्यांनी लिहून पाठवलं, आणि गांधीजींनी ते स्वतःच्याच 'हरिजन'मध्ये छापून उत्तर दिलं. मी रवींद्रनाथांच्या बाजूची. पण गांधीजींनी देव आणला तो दोष आपल्या, सवर्णांच्या अंगावर घ्यायला. हल्ली आणतात तो अंगावरचा झटकायला.

आंबोळी

बाई, माका एक सांगूचा आसा. तुम्ही प्रार्थना प्रार्थना करतास, आमच्या मालवणात गाऱ्हाणा घालतत. मानकरी रवळनाथाच्या म्होरे उभो रवता, 'बा देवा म्हाराजा' म्हणान सुरवात, आणि मागसून सगळो गाव 'व्हय म्हाराजा'. तेच्यात मोघम चालणा नाय. कोण इलो, खयसून इलो, काय इपरीत घडला, सगळा नावानिशी सांगूचा लागता. काय चुकला माकला असात ता पण कबूल करूचा लागता. आणि देवाक पण सोडनत नाय, तू राखणदार आसस तर राखण कर, म्हणान सांगतत. तुमच्या त्या फ्लेक्सार नाव नाय, गाव नाय, कोणाचा चुकला ता तर नायच नाय. असला गाऱ्हाणा आमच्या देवान ऐकलाच नसता.

सुरंगी

वा रे वा. आणि गाऱ्हाणं हा शब्द गर्हणापासून, गर्हा म्हणजे दोष देणं, गर्हणीय त्यातलाच. म्हणजे तुमच्याकडे प्रार्थनेलाच तक्रार म्हणतात. कौल पण तसाच, अरबी कौल म्हणजे दिलेला शब्द. देव कौल देतो आणि निवडणुकीत जनता पण कौल देते.

सातबारा

महसुलात आहे, म्हणून थोडी दुसरी बाजू. बाई म्हणतात ते खरं, पण कागदावर लोकांनाच अस्मानी पाहिजे असतं. नैसर्गिक आपत्तीत माणूस गेला तर वारसाला आपत्ती निधीतून ४ लाख मिळतात, पण आपत्ती निकषात बसायला लागते. दरड बसते, पूर बसतो, वीज बसते. २२ जुलै २०२१ ला तळियेला डोंगर आला, ८० च्या वर माणसं गेली, तिथे पंचनाम्यात दुसरं काही लिहायचा प्रश्नच नव्हता. पण जिथे कोणाचा तरी हलगर्जीपणा आहे तिथे घरचे लोक येऊन हळूच विचारतात, भाऊसाहेब, नैसर्गिकच लिहाल ना? त्यांना दोषी कोण यापेक्षा पोरांची फी दिसत असते. मी त्यांना नावं ठेवत नाही.

फक्त त्या पैशाला आमच्या फाईलीत नाव काय आहे बघा, सानुग्रह अनुदान. अनुग्रह देव नाहीतर गुरू करतो.

बाणकोटी

घ्या. म्हणजे दुर्दैव देवाचं आणि अनुग्रह सरकारचा.

कोरलवाला

मंडळी, तुमच्या नादाला लागून मी काल एक प्रयोग केला. एका पार्टीचं मॅटर आलं होतं, अपघाताचंच, नेहमीचं. मी प्रूफ पाठवलं त्यात दुर्दैवी काढलं, सद्गती काढलं, ईश्वरचरणी काढलं. नुसतं लिहिलं, 'अमुक तारखेला अमुक ठिकाणी बुडालेल्या ११ जणांच्या घरच्यांच्या दुःखात आम्ही आहोत', आणि खाली अकराच्या अकरा नावं.

दहा मिनिटांनी फोन. नावं छान वाटतायत म्हणाले, राहूदेत. मी खूश. मग म्हणाले पण वरती फार मोकळं दिसतंय रे, आणि साहेबांचा फोटो बारीक झाला नावांमुळे. दोन नावं एका ओळीत घे, फोटो मोठा कर, आणि वर ते 'ईश्वरचरणी'वालं टाक परत. मी म्हटलं ईश्वरचरणी नको हो, जागा नाही. बराच वेळ विचार करून म्हणाले, बरं मग निदान एक समई टाक.

समई टाकली. तीन बाय पाच, चार आयलेट, मारुती मंदिरच्या सर्कलला लागलाय, बघा येता जाता.