ज्युनियर मुलांच्या पॉइंट टू टूसाठी लॉट-चाचणी: गरज, की काडतुसांची नासाडी?

करवीर_प्रोन
सेंटरफायरवाल्यांना (ज्यांच्या काडतुसाची कॅप बुडाच्या मध्यभागी असते) एक सोय असते. जिथे कायद्याने मुभा आहे तिथे ते काडतूस स्वतः भरतात, केसची (पितळी नळीची) मान बदलून वाइल्डकॅट तयार करतात. .२२-२५० हे असंच हौशी लोकांनी घडवलेलं काडतूस. १९६५ मध्ये रेमिंग्टनने ते कारखान्यात घेतलं. आपल्या .२२ लाँग रायफलला, म्हणजे पॉइंट टू टूला, ती वाट बंद आहे. कॅपचा मसाला रिमच्या, म्हणजे केसच्या बुडाच्या, पोकळ कडेत असतो, पिन बसली की कड चेपते, केसचं काम तिथेच संपतं. आणि शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवताही येत नाही. मग आपल्या हातात उरतं काय? कुठला लॉट (कारखान्यात एकाच खेपेत बनलेली काडतुसं) मारायचा, एवढंच.

५० मीटरला दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं, गोळी ५.६ मिमीची. गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिमीच्या आत पडला तर दहा. तेजस्विनी सावंत यांनी २०१० ला म्युनिकमध्ये प्रोनला (पालथं झोपून मारायच्या प्रकारात) ६०० पैकी ५९७ मारून विश्वविजेतेपद घेतलं, म्हणजे साठ गोळ्यांत फक्त तीन गुण गेले. अशा खेळात एका लॉटच्या दहा गोळ्या ११ मिमीत बसतात आणि दुसऱ्याच्या १५ मिमीत पसरतात, तरी आपण डब्या बघून न घेताच मुलांच्या हातात देतो. माझं म्हणणं: सीझनआधी चार लॉट तपासा आणि वर्षभराचा माल एकाच लॉटचा ठेवा.

रंकाळा_५०
दादा, भावना बरोबर, हिशोब चुकतोय. चुका थेट बेरजेने वाढत नाहीत, वर्गांच्या बेरजेने वाढतात. धरा, मुलाचा स्वतःचा पसारा (प्रमाण विचलन) १२ मिमी. प्रोनला दशांशात (एक गोळी १०.९ पर्यंत, ०.१ च्या टप्प्याने मोजून) ५४० च्या आसपास मारणारं पोर. काडतुसाचा पसारा चांगल्या लॉटला ३, साध्याला ४. एकूण पसारा १२.३७ की १२.६५, एवढाच फरक. दशांशाचं एक पाऊल ०.८ मिमीचं असतं, म्हणजे साठ गोळ्यांना जेमतेम अडीच गुण. तेवढे तर जॅकेटचा पट्टा आणि डाव्या कोपराची जागा नीट केली की मिळतात.

शिवाय थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायच्या प्रकाराच्या) पात्रता फेरीत पूर्णांक मोजतात. १०.० आणि १०.९, दोन्ही दहाच. पॅरिसला कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे पात्रतेत ५९० मारून सातवे आले. दशांश लागू झाले ते फायनलमध्ये, तिथे ४५१.४ वर ब्राँझ. आपल्या मुलांना आधी फायनलपर्यंत तरी पोचू दे.

करवीर_प्रोन
तुमचंच गणित ६१० मारणाऱ्याला लावा. त्याचा पसारा ४ धरला तर एकूण ५ की ५.६६, आणि साठ गोळ्यांना सुमारे ६ गुणांचा फरक. राज्य स्पर्धेत ६ गुण म्हणजे नंबर कुठल्या कुठे जातो.

आणि पोराच्या बाबतीत गुणांपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. त्याने ट्रिगर स्वच्छ सोडला, साईट मध्यावर होती, आणि मॉनिटरवर ८.९ दिसला. ते पोर काय करतं? साईट दोन क्लिक फिरवतं. पुढची चांगली गोळी त्यामुळे बाहेर जाते, मग ते परत उलटं फिरवतं. काडतुसाच्या चुकीवर मूल स्वतःचं तंत्र बदलतं. ही वाईट सवय नंतर मोडायला फार वेळ जातो.

शाहूपुरी_रायफल
करायचीच असेल तर नीट करा. पाच गोळ्यांचे ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचे झुबके) मारून लॉट निवडणं म्हणजे नाणेफेक. दहा गोळ्यांचा सरासरी ग्रुप १५ मिमी देणारा लॉट काहीही न बदलता एकदा १२ आणि लगेच १८ देतो. म्हणून एका लॉटला किमान ४ × १० गोळ्या हव्यात. सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजू नका, चाळीसही गोळ्यांचं मध्यापासूनचं सरासरी अंतर काढा. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक गोळीचे आडवे-उभे आकडे मिळतात, काम सोपं होतं.

आधी ॲक्शनचे (बॅरल-बोल्टचा भाग दस्त्याला धरणारे) दोन्ही स्क्रू टॉर्क पान्याने नेहमीच्या मापाला बसवा. रायफल व्हाइसमध्ये (घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यात), व्हाइस काँक्रीटवर. लाकडी टेबल हलतं आणि दोष लॉटवर जातो. एका कंपनीच्या काडतुसावरून दुसरीच्या, म्हणजे इलीवरून लापुआवर किंवा आरडब्ल्यूएसवर, जाताना पहिल्या १५–२० गोळ्या मोजू नका, कारण बॅरलमध्ये आधीच्या गोळीचं मेण असतं. लॉट अ, ब, क, ड, मग ड, क, ब, अ, आणि हीच फेरी पुन्हा, अशा उलटसुलट क्रमाने मारा. नाहीतर दुपारी वारा सुटला की शेवटचा लॉट बदनाम होतो. "ही गोळी माझ्यामुळे गेली" म्हणून एकही गोळी वगळायची नाही. व्हाइसमध्ये "माझ्यामुळे" असं काही नसतं.

उभा पसारा वेगळा बघा. गोळीचा वेग ३२५ मी/सेकंदच्या आसपास. त्यात १० मी/सेकंदचा फरक पडला तर ५० मीटरला गोळी ७–८ मिमी वर-खाली होते. एखाद्या लॉटचा ग्रुप उभट आला तर संशय वेगावर घ्यायचा.

रंकाळा_५०
पद्धत पटली. आता तीच आपल्या परिस्थितीला लावा. एका रायफलीला आवडलेला लॉट दुसरीला आवडेलच असं नाही. सहा रायफली, चार लॉट, प्रत्येकी ४० गोळ्या: ९६० काडतुसं. म्हणजे एका मुलाचे साठ गोळ्यांचे सोळा पूर्ण सामने व्हाइसमध्ये गेले. माल आयात होऊन येतो. चाचणी होईपर्यंत तोच लॉट आपल्यासाठी कोण बाजूला काढून ठेवणार? युरोपात शूटर बॅरल घेऊन कंपनीच्या टेस्ट रेंजवर जातो आणि पास झालेला लॉट तिथेच घेतो. इथे कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर एअर रायफल मारणारं मूल पॉइंट टू टूसाठी पुण्याची बालेवाडी गाठतं.

आणि वारा? आडवा १ मी/सेकंद वारा ५० मीटरला गोळी ५–६ मिमी ढकलतो. झेंडी हलायच्या आधी गाल थंड पडतो एवढा तो वारा. चार लॉटमधला सगळा फरक त्यापुढे लहान. त्या ९६० गोळ्या वाऱ्यात मारायला द्या.

पंचगंगा_काठ
मधला मार्ग म्हणून रिमची जाडी मोजून काडतुसं वेगळी करायची का? डायल गेज स्वस्त पडतं.

शाहूपुरी_रायफल
चांगल्या मॅच काडतुसात त्याने फारसं हाती लागत नाही, ते काम कारखान्यात झालेलं असतं. वजनाने निवडणं तर त्याहून फसवं. जास्त भरलं ते शिसं, पितळ की बारूद, काटा सांगत नाही. आणि प्रत्येक काडतूस दोनदा हाताळलं की गोळीवरचं मेण पुसतं.

करवीर_प्रोन
९६० चा आकडा मान्य, सहाही रायफलींचा हट्ट सोडतो. राज्य स्पर्धेला जाणाऱ्या दोन रायफली, कपाटात आधीच असलेले तीन लॉट, प्रत्येकी ४०. २४० गोळ्या, पाच डब्यांच्या आत. नवीन माल मागवायची गरज नाही, राखून ठेवायचा प्रश्नही नाही. बाकी मुलांचं काय, तेवढं सांगा.

रंकाळा_५०
त्यांना कॉल, म्हणजे गोळी कुठे गेली असेल याचा स्वतःचा अंदाज, लिहायला लावा. ट्रिगर सुटल्यावर मॉनिटरकडे बघायच्या आत "नऊ, चार वाजता" असं कागदावर, मग खरी गोळी कुठे पडली ते शेजारी. दोनशे गोळ्यांनंतर कॉल आणि गोळी जुळत असतील तर लॉट ठीक आहे, काम मुलावर करायचं.

करवीर_प्रोन
५४० मारणाऱ्या मुलाचा कॉलच १० मिमीने चुकतो, त्याच्यावर लॉट कसा ठरवायचा? कॉल लिहू दे, सवय चांगली आहे. पण लॉटचा निकाल मी व्हाइसवरच मानणार.

रंकाळा_५०
एका गोळीचा कॉल चुकेल. दोनशेच्या कागदावर एका लॉटला "दहा" म्हटलेले आठ दिसतात आणि दुसऱ्याला दिसत नाहीत, हे मूलही बघू शकतं. फक्त लॉट नंबर कागदाच्या डोक्यावर आधी लिहायचा. रिकामी डबी फेकल्यावर तो कुणालाच आठवत नाही.