पॅडलिंगच्या (वल्ह्याच्या बोटींच्या) ट्रेड शोला पहिल्यांदाच चाललोय, मदत हवी आहे

मंडळी, कयाक (वल्ह्याच्या छोट्या, निमुळत्या बोटी) भाड्याने द्यायचा छोटा धंदा आहे माझा. वाटलं तिकीट काढलं की आत, पण फॉर्ममध्ये धंद्याचा पुरावा मागितलाय, असे शो बहुतेक धंदेवाल्यांसाठीच असतात ना. डेमोला बोटी पाण्यात चालवून बघता येतील, तर स्वतःचं लाइफ जॅकेट न्यायचं का? माझं 50 न्यूटनचं (म्हणजे तरंगत ठेवायचा जोर तेवढा) आहे, खांद्याचा पट्टा उसवलाय (लाज वाटते खरं तर). रोटोमोल्ड पॉलिथिलीनची (साचा फिरवून बनवलेल्या प्लास्टिकची) बोट दगडावर घासली तरी टिकते पण उचलताना कंबर जाते, कॉम्पोझिट (फायबरग्लास, कार्बन वगैरेची) हलकी पण भाड्याचं गिऱ्हाईक तिची वाट लावणार, मग ड्रॉप-स्टिचच्या (आतून दोऱ्यांनी जोडलेल्या, हवा भरली की कडक होणाऱ्या) फुगवायच्या घेऊ का? स्टॉलवाल्याला मिनिमम ऑर्डर आणि स्पेअर व्हॉल्व्ह सोडून अजून काय विचारू?