तरणतलावातील ट्यूब आणि फ्लोट: सरसकट बंदी योग्य की साधनागणिक वेगळा नियम?

मूळ धागा – धागालेखिका

गेल्या मे महिन्यात आम्ही कर्जतच्या बाजूला एका रिसॉर्टमध्ये दोन दिवस राहिलो. तेथील तरणतलावाच्या कठड्यावर एक फलक होता: ‘बाहेरून आणलेली ट्यूब, फ्लोट, जॅकेट व इतर तरंगणारी साधने वापरण्यास सक्त मनाई आहे.’ माझ्या पाच वर्षांच्या मुलीच्या अंगात फोमचे लाइफ जॅकेट होते. त्याचे पुढचे तीन पट्टे आणि मांड्यांमधून जाणारा चौथा पट्टा मी स्वतः आवळून, दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून पाहिले होते. देखरेखीसाठी उभ्या असलेल्या तरुणाने फलकाकडे बोट दाखवून ते जॅकेट काढायला लावले. तिथून दहा पावलांवर त्याच रिसॉर्टच्या टेबलावर हवेने फुगवलेल्या गोल ट्यूब तासाला शंभर रुपये भाड्याने मिळत होत्या आणि त्या घेऊन तिच्याच वयाची मुले पाण्यात उतरत होती.

नियम नसावेत असे मी मुळीच म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की या फलकाने रेघ चुकीच्या ठिकाणी मारली आहे. हवेने फुगवायचे खेळणे आणि अंगावर पट्ट्यांनी बांधायचे जॅकेट या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्या घरून आणल्या की भाड्याने घेतल्या याचा सुरक्षिततेशी काडीचाही संबंध नाही. ट्यूबच्या झडपेजवळ बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेले असते, की हे जीवरक्षक साधन नसून मुलाचे पाय तळाला टेकतील अशाच पाण्यात, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली ते वापरावे. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे. मात्र ते चिन्ह वस्तू खेळणे म्हणून ठीक असल्याचे सांगते, ती मुलाला बुडू देणार नाही असे सांगत नाही. म्हणून माझा प्रस्ताव असा, की मापाचे जॅकेट कोणत्याही वेळी आणि कोणीही आणलेले चालावे, हवेच्या ट्यूबला फक्त उथळ भागात आणि पालक हाताच्या अंतरावर पाण्यात उभा असेल तरच परवानगी असावी, आणि माणूस झोपू शकेल असले हंसाच्या आकाराचे मोठे फ्लोट व हवेच्या गाद्या गर्दीच्या वेळी पूर्ण बंद असाव्यात.

प्रतिसाद – रिसॉर्टचालक, अलिबाग

तुमच्या मुलीचे जॅकेट उतरवले ही चूकच झाली, हे या व्यवसायातला माणूस म्हणून मी मान्य करतो. तरीही सरसकट बंदीची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. शनिवार-रविवारी आमच्याकडे सकाळी दहाच्या सुमारास तीस-पस्तीस माणसे एकदम पाण्यात असतात आणि काठावर जीवरक्षक एकच असतो. त्याने प्रत्येक साधन हातात घेऊन त्याचे पट्टे, शिवण आणि माप तपासायचे ठरवले, तर तेवढा वेळ त्याची नजर पाण्यावरून हटणार. शिवाय प्रत्येक पालकाला आपली वस्तू सुरक्षितच वाटते. ‘त्यांना चालते, मग आम्हाला का नाही’ या एका प्रश्नावरून काठावर पंधरा-पंधरा मिनिटे वाद झालेले मी पाहिले आहेत, आणि त्या वादाच्या वेळी तलावाकडे कोणीच पाहत नसते.

जागेचा हिशेबही पाहावा. आमचा तलाव १२ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे, म्हणजे ७२ चौरस मीटर. दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असा एक हंस ३ चौरस मीटर पाणी झाकतो. असे आठ हंस आले, की तलावाचा एक तृतीयांश पृष्ठभाग दिसेनासा होतो. नायलॉनचा पोशाख सक्तीचा केल्यावरही लोक नाराज झाले होते, पण सुती कपड्यांचे तंतू गाळणीत अडकतात हे समजावल्यावर त्यांनी ते स्वीकारले. नियम एका ओळीचा असला तरच तो पाळला जातो. ट्यूब भाड्याने देण्याचे म्हणाल, तर बंदीही घालायची आणि भाडेही घ्यायचे हे मला पटत नाही, त्यामुळे आम्ही ते केव्हाच बंद केले आहे.

प्रतिसाद – दोन मुलांची आई, नाशिक

मला या बंदीचा मनापासून राग येतो आणि त्याचे कारण येथे कोणी मांडलेले नाही. मला पोहता येत नाही. माझ्या आईला येत नव्हते, माझ्या दोन्ही बहिणींना येत नाही. आमच्या गावात मुलगे विहिरीत आणि नदीत शिकले, मुलींना काठावर कपडे सांभाळायला बसवले. आज माझा सात वर्षांचा मुलगा पाण्यात उतरायला धजतो तो केवळ दंडात घातलेल्या फुग्यांच्या भरवशावर. ते काढून घेतले तर तो काठावर बसून राहील किंवा माझ्या गळ्याला मिठी मारून पाण्यात येईल. चार फूट पाण्यात, ओल्या फरशीवर, न पोहता येणाऱ्या बाईच्या गळ्यात घाबरलेले मूल, हे चित्र ट्यूबपेक्षा सुरक्षित आहे का? नियम करणारे बहुधा पोहता येणारे पुरुष असतात आणि ज्या कुटुंबात कोणालाच पोहता येत नाही त्यांनी काय करावे, याचा विचार त्या फलकात कुठेच नसतो.

प्रतिसाद – माजी जीवरक्षक, पुणे

मी सहा हंगाम तरणतलावावर काम केले आहे. एक प्रसंग सांगतो. तीन फूट पाणी, कंबरेला ट्यूब घातलेली चार वर्षांची मुलगी, आणि तिचे वडील दोन हातांवर कठड्याला टेकून मित्राशी बोलत होते. पाण्यात पडलेली चप्पल उचलण्यासाठी मुलगी पुढे वाकली. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते, त्यामुळे ती वाकताच उलटली, डोके खाली गेले आणि ट्यूब नितंबांवर घट्ट बसून तिने दोन्ही पाय वर धरून ठेवले. ज्या हवेने तिला तरंगत ठेवायचे, तीच हवा आता तिला सरळ होऊ देत नव्हती. ना आरडाओरडा, ना पाणी उडाल्याचा आवाज. दोन लहान तळवे आणि त्यांच्यामध्ये ट्यूबवरचे पिवळे बदक एवढेच मला दिसले. मी चार-पाच सेकंदांत पोहोचलो आणि ती खोकत, रडत वर आली. वडिलांना ती रडेपर्यंत काही कळलेच नव्हते.

बुडणारा माणूस हाका मारतो, हात हलवतो, हा समज चुकीचा आहे. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवरील जीवरक्षक फ्रँक पिया यांनी प्रत्यक्ष चित्रीकरणांचा अभ्यास करून दाखवले, की श्वासासाठी धडपडणाऱ्या माणसाला ओरडता येत नाही आणि पृष्ठभागावरची ही धडपड साधारण २० ते ६० सेकंदच टिकते. म्हणूनच जीवरक्षकांच्या प्रशिक्षणात १० सेकंदांत ओळखायचे आणि पुढच्या २० सेकंदांत पोहोचायचे असा दंडक प्रचलित आहे. हंसाखाली गेलेले मूल १० सेकंदांत ओळखायचे तरी कसे? मोठ्या फ्लोटवर बंदी हवीच, त्यावर माझ्या मते चर्चेला जागा नाही. जॅकेटच्या बाबतीत मात्र मी धागालेखिकेच्या बाजूचा आहे.

प्रतिसाद – साताऱ्याचे आजोबा

आमच्या पिढीने भोपळ्यावर पोहणे शिकले. वाळलेला दुध्या भोपळा किंवा झाकण डाकून बंद केलेला पत्र्याचा डबा पाठीला बांधायचा, कंबरेला दोर बांधायचा आणि दोराचे दुसरे टोक विहिरीच्या थारोळ्यावर उभ्या असलेल्या चुलत्याच्या हातात असायचे. आठ-दहा दिवस झाले, की मूल भोपळा विसरून हात मारू लागायचे, आणि मग एके दिवशी चुलता काही न सांगता भोपळा सोडून घ्यायचा. माझ्या थोरल्या भावाला आपल्या पाठीवर भोपळा नाही हे पलीकडच्या पायरीला हात लागल्यावर समजले. त्यामुळे तरंगणारे साधनच वाईट, हे मला मान्य नाही. आज ट्यूब आहे, पण दोर धरणारे कोणी नाही, कारण चुलता खुर्चीवर बसून मोबाइल पाहत आहे. बंदी घालायचीच असेल तर पाण्याच्या काठावर मोबाइल वापरण्यावर घालावी.

प्रतिसाद – पोहण्याचा प्रशिक्षक, ठाणे

आजोबांविषयी पूर्ण आदर ठेवून असहमती नोंदवतो. पाठीवरचा भोपळा शरीराला पाण्यात आडवे ठेवतो आणि हातपाय मोकळे सोडतो, म्हणून त्यावर पोहणे शिकता येते. दंडातले फुगे नेमके उलटे करतात. त्यांनी मूल पाण्यात उभे राहते, पाय सायकल चालवल्यासारखे हलतात, हात बाजूला पसरलेले राहतात आणि हनुवटी वर जाते. पोहता न येणारा माणूस बुडताना शरीराची जी अवस्था असते, तिचीच सवय मुलाला लागते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी ज्यांनी वर्ष-दोन वर्षे हे फुगे वापरलेले असतात, त्यांना आडवे करायला मला इतरांपेक्षा अधिक दिवस लागतात. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की आपल्याला तरंगता येते असा विश्वास मुलाच्या मनात बसतो आणि जेवणानंतर फुगे काढलेले असतानाही ते निर्धास्तपणे पाण्याकडे धावते. तान्ह्या बाळांच्या गळ्यात घालायच्या फुगीर कड्यांबद्दल तर बोलायलाच नको. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, विशेष गरजा असलेल्या बाळांच्या जलोपचारात ती वापरू नयेत असा इशारा दिला, तेव्हा एका बाळाच्या मृत्यूची आणि दुसऱ्याला रुग्णालयात दाखल करावे लागल्याची नोंद त्यांच्यापुढे होती.

मात्र जॅकेटवरही आंधळा विश्वास नको. आंतरराष्ट्रीय मानकांत ५० न्यूटन (पाण्यात वर उचलून धरण्याच्या जोराचे माप) गटातील साधन हे पोहता येणाऱ्या आणि मदत जवळ असलेल्या माणसासाठी मानले जाते. शुद्ध हरपलेल्या माणसाला ते उताणे करीलच असे नाही. रिसॉर्टमध्ये खुंटीला टांगलेली नारिंगी जॅकेटे बहुतेक मोठ्यांच्या मापाची असतात. ती लहान मुलाला घातली, की पाण्यात वर सरकतात, हनुवटी आत जाते आणि कान झाकले जातात. धागालेखिकांनी खांदे ओढून पाहिले ते योग्यच केले, आणि मी तर म्हणेन की तपासणी तेवढीच पुरे आहे: खांद्याला धरून वर ओढावे, जॅकेट हनुवटीच्या वर सरकले तर ते चालणार नाही.

नाशिकच्या ताईंना एक विनंती आहे. आपण स्वतः शिका. चाळिशीनंतर शिकलेल्या अनेक स्त्रिया माझ्या सकाळच्या वर्गात आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांहून अधिक जणी मुलांमुळेच पाण्यात उतरल्या आहेत.

प्रतिसाद – एका मुलाचा बाबा, कोल्हापूर

माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. जमिनीवर त्याला प्रत्येक हालचालीसाठी कोणाचा तरी हात लागतो. मानेला आणि कंबरेला आधार देणाऱ्या फोमच्या साधनांत तो पाण्यात वीस मिनिटे स्वतःच्या मर्जीने वळतो, थांबतो, हसतो. मी सतत त्याच्या शेजारी पाण्यात असतो. दोन ठिकाणी आम्हाला ‘नियम सर्वांना सारखा’ असे सांगून परत पाठवण्यात आले. एका ओळीचा नियम सोपा असतो हे खरे, पण त्या एका ओळीत माझा मुलगा बसत नाही.

प्रतिसाद – रिसॉर्टचालक, अलिबाग

कोल्हापूरच्या बाबांचा प्रतिसाद वाचून मी आमचा फलक पुन्हा वाचला आणि तो बदलावा लागेल हे माझ्या लक्षात आले. प्रशिक्षकांनी सांगितलेली खांदे ओढून पाहण्याची कसोटी दहा सेकंदांची आहे, ती जीवरक्षकाऐवजी स्वागतकक्षातच घेता येईल आणि मंजूर जॅकेटला रंगीत फीत बांधता येईल. वैद्यकीय गरजेच्या साधनांसाठी आरक्षणाच्या वेळी सांगितले तर आम्ही आडकाठी करणार नाही. हवेच्या ट्यूबवर मात्र मी ठाम आहे. पालक हाताच्या अंतरावर उभा राहील हे मूळ धाग्यात गृहीत धरले आहे आणि माझा अनुभव सांगतो, की पहिली पाच मिनिटे तो उभा राहतो. त्यानंतर फोन वाजतो, भजी येतात.

प्रतिसाद – धागालेखिका

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. यातील बहुसंख्य मृत्यू नद्या, विहिरी, तळी यांत होतात आणि रिसॉर्टचा वाटा लहान असेल, पण येथे निदान नियम करणारा माणूस हजर असतो. मला खरी भीती वाटते ती भाड्याच्या बंगल्यांची. लोणावळ्यापासून अलिबागपर्यंत खासगी तलाव असलेले बंगले दिवसाच्या भाड्याने मिळतात, अनेक ठिकाणी जीवरक्षक नसतो, फलक नसतो आणि ट्यूब मात्र मागील पाहुण्यांनी सोडलेल्या तशाच पाण्यावर तरंगत असतात. लहान मूल अशा रंगीत वस्तूकडे हात पुढे करते आणि काठावरून आत पडते. तलाव वापरून झाला की प्रत्येक तरंगते खेळणे पाण्याबाहेर काढून नजरेआड ठेवावे, एवढा नियम तरी बंगल्याच्या मालकांनी करारात लिहावा. हवेच्या ट्यूबबाबत अलिबागच्या चालकांचे म्हणणे मला अजून पूर्ण पटलेले नाही. पालक हटला तर ट्यूब काढून घ्यावी, सर्वांनाच शिक्षा कशासाठी?

प्रतिसाद – दोन मुलांची आई, नाशिक

प्रशिक्षकांनी दंडातल्या फुग्यांविषयी लिहिलेले मी नवऱ्याला वाचून दाखवले. आमचा मुलगा पाण्यात अगदी तसाच उभा राहतो, सायकल चालवल्यासारखा. पुढच्या महिन्यापासून मी बायकांच्या वर्गाला नाव घालते आहे, त्याच्यासाठी मापाचे जॅकेटही घेईन. पण रिसॉर्टवाल्यांना माझे एक सांगणे आहे. तुमचा नियम काहीही असो, तो आरक्षण करतानाच मराठीत कळवा. आमच्या मुलाने घरून निघताना गाडीत बसूनच ट्यूब फुगवायला घेतली होती, कसारा घाट उतरेपर्यंत ती पूर्ण फुगली होती आणि तिथे पोहोचल्यावर त्याला ती फाटकाशी ठेवून आत यावे लागले.